थांबता न्हय रे?

दोन वर्षांपूर्वी कुलदेवतेच्या दर्शनासाठी मंगेशीस गेलो होतो. जाताना आगगाडीने गेलो. परतलो तो एका जुन्या मोटारीने. वकिलाच्या हातून असा अविचार घडावा याचे आमच्या घरी कोणास फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या मोटारीला दोनच बैठका आहेत याचे. घरात माणसे पाच. "म्हणजे जामसावळीला जायचे तर आता चार खेपा," एवढेच आई म्हणाली आणि तिने तो विषय संपविला.

मोटार सॅन स्टॉर्म जातीची. अंग फायबरग्लासचे, छप्पर उघडणारे, पुढे रेनो कंपनीचे बाराशे घनसेंटिमीटरांच्या आतले एंजिन. ही गाडी गोव्यातच तयार होत असे. निघाल्या त्या मोजक्याच, आणि आता नवी मिळत नाही. गोव्याच्या रस्त्यावर कॉलेजात असताना मी ती प्रथम पाहिली आणि पुढे वीस वर्षे ती माझ्या मनाच्या कुठल्याशा पडवीत उभी होती. फोंड्याच्या मावशीच्या ओळखीने एक विकाऊ आहे असे कळले, तेव्हा मी कायद्याच्या पदवीधराला शोभेल अशा काळजीने नोंदणीपत्र वाचले, विमा वाचला, परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र वाचले, आणि पैसे मोजले. गाडीखाली मात्र वाकून पाहिले नाही.

निघताना मावशी पायरीवर आली. गाडीच्या नाकाला तिने कुंकू लावले, नारळ वाढविला, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. मग कमरेवर हात ठेवून त्या बुटक्या यंत्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "धांवता बरी दिसता. पूण थांबता न्हय रे?"

मी हसलो. जे धावते ते थांबणारच, असे काहीसे उत्तरही दिले असावे.

आमचे सौंसर हे मराठी मुलखाच्या काठावरचे गाव. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो; २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. संत्री, कापूस, जाम नदी, तिच्या काठचा जामसावळीचा निद्रिस्त मारुती, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, एवढी आमची ख्याती. या गोटमारीत नदीच्या दोन्ही काठांवरून माणसे एकमेकांवर दगड फेकतात. ती थांबविण्यासाठी मनाईहुकूम काढून झाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन झाले. ती थांबली नाही. तेव्हा थांबणे हा गुण आमच्या मातीत फारसा नाही, हे मी आधीच कबूल करून ठेवतो.

छिंदवाड्याहून सौंसरकडे येताना पठार संपते आणि रस्ता सिलेवानीच्या घाटाने खाली उतरतो. दोन्ही बाजूंस सागाचे रान, वळणांमागून वळणे, आणि हंगामात संत्र्यांच्या ट्रकांची रांग. गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका कामावरून मी त्या घाटाने परतत होतो. शेजारच्या बैठकीवर माझी बारा वर्षांची मुलगी होती. शाळेला सुटी म्हणून हट्टाने आलेली. छप्पर उघडे, हवा गार, गाडी वरच्या गियरमध्ये, आणि माझा पाय सबंध उतारभर ब्रेकवर. तीन-चार वळणे गेल्यावर जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. मी तो पुढच्या ट्रकचा मानला. दुसऱ्याचा दोष आधी दिसणे ही आमच्या व्यवसायाची सवय.

पुढच्या वळणावर ट्रक मंदावला. मी ब्रेक दाबला आणि पाय लोण्यात रुतावा तसा थेट तळाशी गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी थोडासा आधार लागला, पण गाडी ऐकेना. मग हातब्रेक ओढला, गियर खाली टाकला, चाक डोंगराच्या बाजूच्या मुरुमात घातले. ट्रकच्या मागच्या फळीपासून दोन हातांवर आम्ही थांबलो. ट्रक आपल्या वाटेने निघून गेला. त्याला काही कळलेच नाही. मुलगी बराच वेळ समोर पाहत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, थांबली का?"

अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा घट्ट लागू लागला. यामुळे मी अधिकच घाबरलो, कारण जो दोष दिसतो आणि नाहीसा होतो त्याच्याशी माणसाने कसे भांडावे?

आता थोडे यंत्राविषयी. अशा गाडीच्या पुढच्या चाकांबरोबर ओतीव लोखंडाची एकेक तबकडी फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पायाने दाब दिला की ब्रेक ऑइल नळ्यांतून त्याच्या पिस्टनपर्यंत तो दाब पोचविते, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड तबकडीस घासतो. गाडीचा वेग त्यात नाहीसा होत नाही; तो उष्णता होतो. माणसांसह नऊशे किलोची गाडी शंभर मीटर उंचीवरून केवळ ब्रेकवर उतरविली, तर जितकी उष्णता निर्माण होते तितकीत माठातले तीन लिटर पाणी उकळीस येईल. ही सारी उष्णता तळव्याएवढ्या पॅडांनी आणि थाळीएवढ्या तबकड्यांनी सोसायची असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते, हे आणखी एक. डॉट-४ जातीचे ताजे ऑइल २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच पाणी प्यालेले असले की दंडकच १५५ अंशांवर उतरतो. ऑइल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाशी जातो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि सगळे जणू काही घडलेच नाही असे दिसते.

हे सारे मला त्या दिवशी ठाऊक होते असे नाही. मला त्या दिवशी एकच गोष्ट सुचली: हे कॅलिपर लहान आहेत, मोठे आणावेत. इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या यंत्रज्ञाने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, आणि १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ड्रमवाल्या गाड्यांना मागे टाकले, हे मी वाचले होते. शर्यत जिंकणारा जोराने धावतो म्हणून नव्हे, उशिरा ब्रेक लावू शकतो म्हणून जिंकतो, हा सिद्धांत मला फार आवडला. तो आवडण्यात धोका होता हे नंतर कळले. नागपुरातून मी चार पिस्टनांचे, ॲल्युमिनियमचे, लालभडक रंगाचे दोन कॅलिपर मागविले. विकणाऱ्याने "कोणत्याही गाडीला बसतात" असे सांगितले. साक्षीदाराने असे वाक्य उच्चारले असते तर मी त्याला उलटतपासणीत सोडले नसते.

काम घरीच करायचे ठरविले. मागच्या अंगणात संत्र्यांच्या पेट्या ठेवण्याची पत्र्याची पडवी आहे. तेथे एका रविवारी जॅक लावला, चाकाखाली विटा नव्हे तर घडीचे लोखंडी घोडे ठेवले, एवढी अक्कल मला होती. जुना कॅलिपर सोडविला आणि नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधला, हेही पुस्तकात वाचून केले. पत्नीने एकदा दारातून पाहिले. "अहो, निदान उद्याच्या तारखेचे कागद तरी त्या हातांनी धरू नका," असे म्हणून ती आत गेली. लाल कॅलिपर चढला तेव्हा पडवी उजळल्यासारखी वाटली. ब्रेक ऑइल भरले, मुलीला गाडीत बसविले. "दाब," "धर," "सोड" अशा आज्ञांनी आम्ही दोघांनी तासभर हवा काढली. ब्रेक मऊ तो मऊच.

तेव्हा मिस्त्रींना बोलावणे भाग पडले. हे गृहस्थ सत्तरीचे. आयुष्यभर ट्रकांची दुरुस्ती केलेले. पडवीत शिरताच त्यांनी चष्मा वर केला, लाल कॅलिपराकडे पाहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हवा वर जाते का खाली?"

मी म्हणालो, "वर."

"मंग निपल खाली कावून?"

उजवीकडचा कॅलिपर मी डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे बसविला होता. हवा काढण्याचे निपल पार तळाशी आले होते. हवा वरच्या कोपऱ्यात निश्चिंत बसली होती, आणि मी तासभर खालून ऑइल सांडत होतो. अदलाबदल केली. ब्रेक सुधारला, पण पुरता नाही. मिस्त्रींनी मुलीला दाबायला सांगितले आणि मला चाकापाशी बसविले. "आता नळीकडे पाहा न."

नळी जुनीच होती. ती मी बदललीच नव्हती. मुलीने पाय दिला तशी ती रबरी नळी मधोमध फुगली, अजगराने उंदीर गिळावा तशी. पाय काढताच बसली. मिस्त्रींनी ती दोन बोटांत वाकविली. वळणावर बाहेरच्या थरात भेगा होत्या; वाकून पाहणाऱ्या कोणालाही दिसल्या असत्या अशा.

ती नळी हातात घेऊन मी बराच वेळ विटेवर बसून राहिलो. मिस्त्रींना वाटले, वकीलसाहेब खर्चाचा हिशेब करीत आहेत.

वकिलीच्या पहिल्या वर्षांत मी एका ट्रकमालकाची बाजू चालविली होती. आठवडी बाजारातून घरी निघालेला एक माणूस ट्रकखाली सापडून गेला. त्याच्या विधवेचा नुकसानभरपाईचा दावा होता. आमचा बचाव असा, की ब्रेकची नळी एकाएकी फुटली, दोष सुप्त होता, मालकाचा काय अपराध? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ सालचा निवाडा आहे, मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन. तोही मुंबईतल्या ट्रकच्याच अपघाताचा. यंत्र बिघडले एवढे म्हणून मालक सुटत नाही. दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे मालकाने सांगितले पाहिजे आणि सिद्धही केले पाहिजे, असे त्यात ठरले. मी तो निवाडा पाठ केला होता. 'सुप्त' या एका शब्दावर मी पाऊण तास बोललो. फुटलेली नळी चिठ्ठी बांधून टेबलावर ठेवली होती. मी तिच्याकडे पुरावा म्हणून पाहत होतो, नळी म्हणून नव्हे. न्यायाधीशांनी मालकाला एकच प्रश्न विचारला, "ही यापूर्वी केव्हा बदलली होती?" तो म्हणाला, "चालत होती तोवर कशाला बदलायची?" दावा मंजूर झाला. त्या बाईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. मी घरी येऊन म्हणालो होतो, न्यायाधीश फार कडक आहेत.

माझी नळी केव्हा बदलली होती? मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते. विम्याच्या कागदावरचे बारीक अक्षर मी दोनदा वाचले होते. सिलेवानीत तो ट्रक दोन हात अलीकडे असता, तर मी न्यायालयात उभा राहून काय म्हणालो असतो? 'सुप्त'?

मिस्त्रींनी तोवर जमिनीवर पडलेला जुना कॅलिपर उचलला होता. हा एका पिस्टनचा. तो दोन खिळ्यांवर मागेपुढे सरकतो, म्हणून एका बाजूच्या पिस्टनने दोन्ही बाजूंचे पॅड आवळले जातात. त्यातला एक खिळा गंजून जाम झाला होता. म्हणजे मी पाय काढल्यावरही त्या चाकाचे पॅड तबकडीस घासत राहत असणार. घाटात त्या चाकाचे ऑइल आधी उकळले ते यामुळे. बाटलीत काढलेले जुने ऑइल त्यांनी उन्हात धरले. ते कोऱ्या चहासारखे काळे होते. "कॅलिपर लहान नोहोता, साहेब," ते म्हणाले, "उपाशी होता."

मी तरीही हट्ट सोडला नाही. नळ्या नव्या घालू, पण लाल कॅलिपर ठेवू, असे म्हणालो. यावर मिस्त्रींनी चाक उचलून जागेवर लावून दाखविले. रिम कॅलिपरला घासली. विकणाऱ्याला दूरध्वनी केला; तो म्हणाला, स्पेसर घाला, म्हणजे चाक बाहेर येईल. मिस्त्रींनी नुसती मान हलविली. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. जुन्याचा पिस्टन ४८ मिलिमीटर व्यासाचा, नव्याचे एका बाजूचे दोन ३८ मिलिमीटरचे; क्षेत्रफळ सव्वापट भरले. म्हणजे पायाच्या तितक्याच जोराला चिमट्याची पकड सव्वापट, हे खरे. पण तेवढेच अंतर पिस्टन हलविण्यास ऑइलही सव्वापट लागणार, आणि मास्टर सिलिंडर तोच असल्यामुळे पाय तितका खोल जाणार. मागची चाके होती तशीच, म्हणून पुढचामागचा तोल बिघडणार. पावसात पुढची चाके आधी अडकून घसरणार, आणि अडकलेल्या चाकाला सुकाणू वळविता येत नाही. शिवाय गाडी अखेर थांबते ती टायर जमिनीला जितके धरील तितकीच. आणि तबकडी जुनीच राहिली तर घाटातली उष्णता साठवायला जागा वाढली कुठे? माझ्या दुखण्याला त्या लाल वस्तूचे औषध नव्हतेच.

कायदाही पाहिला, कारण तो पाहिल्यावाचून मला झोप येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांना आळा घालते. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली के. जयचंद्र यांच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञा नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आता, कॅलिपर हा वाहनाच्या रचनेतला मूलभूत बदल का? नोंदणीपत्रात तर कॅलिपरचा रकानाच नाही. या मुद्द्यावर मी दोन्ही बाजूंनी उत्तम बोलू शकेन. नेमके म्हणूनच मुलगी शेजारी बसलेली असताना त्यावर विसंबू नये असे वाटले.

पुढचा रविवार जुन्या कॅलिपरांचा. पिस्टन काढून आतले चौकोनी काटाचे रबरी कडे बदलले. हे कडे मोठे कौतुकाचे आहे: दाबाने ते किंचित पिळते आणि दाब सरताच मूळ आकारास येताना पिस्टनला केसभर मागे ओढते; एवढ्यानेच पॅड तबकडीपासून सुटतो. ते रॉकेलने पुसायचे नाही, फुगते. ब्रेक ऑइलनेच पुसायचे. खिळे नवे घातले, त्यांना रबराला न खाणारे ग्रीस लावले. चारी नळ्या, पॅड, ऑइल, सगळे नवे. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. "दाब, धर, सोड" हे मुलीने आता माझ्या आधी म्हणायला सुरुवात केली होती. निपलमधून आधी काळे, मग पिवळसर, मग गोड्या तेलासारखे स्वच्छ ऑइल आले तेव्हा मिस्त्रींनी बिडी पेटविली, अर्थात पडवीबाहेर जाऊन. बोल्ट मात्र त्यांनी मला आवळू दिले नाहीत. माप दाखविणारा पाना त्यांच्या हातात देऊन मी दिवा धरला.

आधी अंगणात, मग बाजार-मैदानावर, मग जामसावळीच्या रस्त्यावर परीक्षा झाल्या. पाय एका ठरावीक जागी जाऊन दगडावर टेकावा तसा टेकतो. आईची खेपही त्यातच झाली, ती उतरताना म्हणाली, "उतरताना पाठ मोडते, पण थांबते छान." मावशीला हे कळविण्यासाठी दूरध्वनी केला, तर तिला आपण काही विचारले होते हेच आठवेना. ती मंगेशीच्या पालखीविषयी बोलत राहिली.

विकणाऱ्याने लाल कॅलिपर परत घेतले नाहीत. वापरलेला माल म्हणतो. त्याचे म्हणणे कायद्याने अगदीच चूक आहे असे नाही. ते पडवीत संत्र्यांच्या पेटीत कागदात गुंडाळून ठेवले आहेत. त्या फुगलेल्या नळ्यांपैकी एक मात्र मी कचेरीत आणली आणि खणात ठेवली. मागच्या महिन्यात एक पक्षकार आला. ट्रक त्याचा, अपघात त्याचा, आणि ब्रेक अचानक निकामी झाला हा बचावही त्याचाच. मी वकीलपत्र घेण्याआधी त्याला विचारले, नळी शेवटची केव्हा बदलली? तो गोंधळला. गॅरेजवाल्याला विचारून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही.

सिलेवानीच्या घाटात पुन्हा गेलो तो माघात. मुलगी येईल की नाही याची मला धास्ती होती. तिने विचारले एवढेच, की घाट सुरू होण्याआधी गियर खाली टाकणार ना? टाकला. दुसऱ्या गियरमध्ये एंजिन गुरगुरत गाडीला धरून राहिले, पाय ब्रेकवर क्वचितच गेला. वळणावर त्या मुरुमाच्या जागी आमच्या चाकांची खूण आता नव्हती. वास आला तो रानातल्या वाळक्या पानांचा. मागे एक ट्रक कधीपासून भोंगा वाजवीत होता. आमची चाल त्याला सोसवत नव्हती. रस्ता जरा रुंद झाला तेथे मी गाडी कडेला घेतली, थांबविली, आणि त्याला पुढे जाऊ दिले.